सहा ते सात, पोळ्याच्या दिवशी

शिडी काढून घेतली तेव्हा सुनंदाकाकूला स्वतःचंच कौतुक वाटलं. सत्तावन्न वर्षांची बाई, गुडघे कुरकुरणारे, चुलीवर पुरणाची डाळ रटरटत ठेवलेली, आणि तरी डोकं असं चाललं! शिडी तिनं ओढत बाहेर नेली, कापसाच्या खोलीच्या भिंतीला उभी केली आणि पदरानं हात पुसत परत आत आली.

"आता आबाजी काय, तहसीलदार आला तरी तू सापडत नाही," ती वर बघून म्हणाली.

माळ्याच्या कडेवरून सुचिताचं डोकं खाली आलं. केसांत गेल्या सालचा कापूस.

"किती जण हाय काकू?"

"तुले पाहाले आलेले दोघं. एक बाई अन् एक माणूस. त्यायच्यापाशी मोठी बॅग हाय. साड्या आणल्या असतीन."

"आबाजीनं तं नऊचा टाइम सांगितला होता. सहालेच कसे आले?"

"गरज लय दिसते."

सुचिता हसली, मग एकदम गंभीर झाली. "पण काकू, माझा सहा ते सातचा टाइम हाय. मले घरीच राहा लागते."

"मग घरातच तं हायस! माळा काय सौंसरले हाय?"

"अन् ते तपासणीवाले लोक आले तं?"

"ते आले तं मी हाक मारतो ना. सरकारी माणूस का लपते? गळ्यात पट्टा राहते, हातात कागद राहते. तू गपचूप पडून राह्य. मोबाइल चार्जिंगले हाय माह्यापाशी."

सहा ते सात म्हटलं की या घरात गायसुद्धा हंबरायची थांबायची, असं गुणवंताकाका म्हणायचा. दोनशे मीटर धावणारी पोरगी कोलंबोला गेली, दुबईला गेली, पदक घेऊन आली, तेव्हापासून तिनं रोजचा एक तास सरकारला लिहून दिला होता. त्या तासाला ती सांगितलेल्या ठिकाणी असलीच पाहिजे. न सांगता कोणीही येईल, लघवीचा नमुना मागेल, तिनं काही औषध घेतलं की नाही ते तपासेल. माणूस आला आणि पोरगी सापडली नाही, तर एक चूक. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या की दोन वर्षं धावणं बंद.

दोन झाल्या होत्या. पहिली सौंसरला मावसबहिणीच्या हळदीत. दुसरी जामसांवलीच्या हनुमानापुढे, नारळ हातात घेऊन, आणि तो नवस काकूनंच बोललेला. पोरगी दुबईत जिंकू दे म्हणून. हनुमानानं आपलं काम केलं होतं. काकूनं मात्र तो फेडायला नेमकी सकाळची साडेसहाची वेळ काढली. ते पत्र आलं त्या दिवशी काकू जेवली नव्हती.

आता महिनाभरानं कोरिया होतं.

काकू स्वयंपाकघरातून डोकावली तेव्हा ओसरीवर आबाजी, म्हणजे तिचे सासरे भगवंतराव, नवा पांढरा सदरा घालून पाहुण्यांसमोर बसलेले होते. पाहुण्या बाईंनी खुर्ची घेतली होती खरी, पण टोकावर. वय चाळिशीचं, केस कापलेले, अंगात साधा कुर्ता. मागे उभा माणूस बॅग सोडायला तयार नव्हता.

घोटाळा फाटकापाशीच सुरू झाला होता. बाईंनी विचारलं, "सुचिता कोहळे इथंच राहतात ना? आहेत घरी?" आणि काकूनं डोळ्याची पापणी न लववता सांगितलं, "नाही जी. तिगावले गेली, मामाच्या घरी." तेवढ्यात आबाजी आतून ओरडत आले, "आहे, आहे! घरीच आहे! या, बसा!" बाईंनी एकदा काकूकडे बघितलं, एकदा आबाजींकडे, आणि मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

"आम्ही सात वाजेपर्यंत थांबतो," त्या म्हणाल्या होत्या. "काम त्यांच्याशीच आहे. दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही."

"समजलं, समजलं. इथंच कुठी असन, येते," आबाजी म्हणाले होते. सगळं समजलेल्या माणसासारखे.

गेल्या पोळ्यापर्यंत काकूही आबाजींच्याच बाजूची होती. चोवीस सेकंदांच्या कामासाठी दोन दिवस विमानात बसायचं, हे आबाजींचं म्हणणं तिला तेव्हा पटायचं. सुचिताचे आईबाप, भूपेंद्र आणि अमिता, छिंदवाड्याला मास्तरकी करत होते. पोरगी लहानपणापासून इथं काकूच्या हाताखाली वाढलेली. तिचे हात पिवळे करायची घाई काकूलाच जास्त होती. पण दुबईची शर्यत मोबाइलवर बघताना, शेवटच्या पन्नास मीटरला, काकूच्या हातातली कढी चुलीत सांडली आणि तोंडून हनुमानाचा नवस निघाला. त्या दिवशी तिनं बाजू बदलली. आबाजींना हे अजून माफ झालेलं नव्हतं. म्हणूनच सौंसरच्या पाहुण्यांना त्यांनी सुनेला न विचारता पोळ्याचं जेवण सांगितलं होतं.

"चहा?" काकूनं कप पुढे केले.

"नको, थँक्यू."

"मग पाणी तरी घ्या जी."

"आमचं आहे," म्हणून बाईंनी पर्समधून सीलबंद बाटली काढली.

काकूच्या कपाळावर आठी पडली. पोरगी पसंत पडायच्या आधीच पाणी नाकारायचं? सौंसरच्या लोकांना इतका माज कधीपासून आला? तिनं कप उचलले आणि दाराआड उभी राहिली.

आबाजी कामाला लागले होते. "पोरगी सोन्यासारखी आहे. स्वभाव गरीब. पळते थोडीशी, पण ते काही जन्माचं नाही. आम्ही सोडवू."

"सोडवणार?" बाईंच्या भुवया वर गेल्या.

"एका शब्दात! अन् तब्येत म्हणसान तं एकदम साफ. कोणती गोळी नाही, औषध नाही, सुई नाही. लहानपणी गोवर निघाला होता, तेवढाच."

"ते आम्ही बघू," बाई म्हणाल्या.

आबाजींना उत्तर जरा रोखठोक वाटलं, पण त्यांनी मान डोलावली. पोराच्या बाजूचे लोक आजकाल असेच असतात.

"तुमचं बाथरूम कुठं आहे? मी बघू शकते?"

"बघा ना! मागच्या सालीच टाइल बसवल्या." आबाजी स्वतः पुढे झाले. बाईंनी दार उघडून बघितलं, कडी लावून बघितली, खिडकीला किती गज आहेत तेही बघितलं. काकू दाराआडून पाहत होती आणि तिला हसावं की रडावं कळेना. सून न्यायला आले की संडास?

गुणवंताकाका गोठ्यातून आला. हाताला शिंगांचा लाल रंग, कानामागे बेगडाची पट्टी. काल संध्याकाळी त्यानं चांद्या आणि गेंद्याचे खांदे हळद-तुपानं मळले होते, आज त्यांना सजवायचं होतं. घरातल्या भांडणात तो नेहमी बैलांकडे असायचा.

"काय म्हणते पार्टी?" त्यानं हळूच विचारलं.

"संडास पाहून राहिले."

"हं. सौंसरात पाण्याची तकलीफ हाय, म्हणून पाहत असतीन." तो माठातलं पाणी प्याला. "पण सुनंदा, गाडी तं नागपूरची दिसते."

"कायवरून?"

"एमएच नंबर हाय ना. सौंसरचा माणूस एमपीची सोडून एमएच गाडी कायले वापरीन?"

काकूच्या हातातलं लाटणं थांबलं. "भाड्याची असन."

"असन," काका म्हणाला आणि गेला. त्याला चांद्याच्या झुलीचा एक गोंडा सापडत नव्हता.

काकूनं पोळी तव्यावर टाकली, पण मन ओसरीवर होतं. एमएच गाडी. सोबत आणलेलं पाणी. मोठी बॅग. सात वाजेपर्यंत. सातच का? नऊची वेळ दिलेले लोक सहाला येतात आणि सातला जातो म्हणतात? पाहायला आलेला माणूस जेवल्याशिवाय जातो का, तेही पोळ्याच्या दिवशी?

त्याच वेळी डब्यांच्या फळीवर सुचिताचा मोबाइल वाजला.

अनोळखी नंबर. काकूनं खिडकीतून बाहेर बघितलं. पाहुण्या बाई अंगणात उभ्या होत्या आणि त्यांचा फोन कानाला होता. काकूनं कॉल कापला. बाईंनी फोन कानावरून काढून बघितला. पुन्हा लावला. फळीवर पुन्हा वाजलं.

हा नंबर सुचितानं गेल्याच महिन्यात घेतला होता. आबाजींना तो माहीत नव्हता, काकाला नव्हता, सौंसरला असायचं काही कारणच नव्हतं. काकूजवळ होता, भूपेंद्र-अमिताजवळ होता, आणि पोरीनं तो त्या सरकारी फॉर्मात भरला होता.

तव्यावरची पोळी जळाली.

भिंतीवरच्या घड्याळात सात वाजायला पाच मिनिटं कमी होती. त्या घड्याळाला दोन-तीन मिनिटं मागे राहायची खोड होती, हे काकूला नेमकं तेव्हाच आठवलं.

आपणच तिगाव सांगितलेलं, आता नुसत्या शब्दावर बाई थांबणार नाहीत, पोरगीच समोर उभी करायला हवी. ती मागच्या दारानं निघाली. गोठ्याला वळसा, शेणाची पाटी ओलांडली, कापसाच्या खोलीपाशी पोचली आणि भिंतीकडे बघून जागच्या जागी उभी राहिली. शिडी नव्हती.

"अहो!" ती गोठ्याकडे ओरडली. "शिडी कुठी गेली?"

"पोरं घेऊन गेले!" आतून काकाचा आवाज. "पोळ्याच्या मैदानात तोरण बांधाचं हाय ना! काहून?"

मैदान अर्धा कोस. ती खोलीत शिरली.

"सुचिता! उठ वं! ते सौंसरचे नाही, ते तुह्ये लोक हाय!"

वर काहीतरी धडपडलं. पोरीचा चेहरा माळ्याच्या कडेला आला, पांढराफटक. "कोणते लोक?"

"बाटलीवाले! लघवीवाले! सातले चालले जाते! मीच तुले तिगावले पाठवलं वं माय, मीच!"

"शिडी लाव."

"शिडी मैदानात हाय."

सुचितानं खाली बघितलं. दहा-अकरा फुटांची उंची. खाली फरशी, आणि फरशीवर वखराची धारदार पास, निंदणाचे दोन डवरे, फवारणीचा जुना पंप. तिनं पाय कडेवरून खाली सोडले.

"उडी मारते."

"खबरदार!" काकू एवढ्या जोरानं ओरडली की पोरगी दचकली. "त्या पायायवर कोरिया हाय! घोटा मुरगळला तं दोन वर्षं काय अन् दोन महिने काय, सारखंच!"

"मग काय करू? उडू?"

काकूनं पदर खोचला. पास ओढून बाजूला केली, भिंतीला पाठ लावली, गुडघ्यांवर हात ठेवून घट्ट उभी राहिली.

"माह्या खांद्यावर पाय दे."

सुचितानं सोडलेले पाय परत वर ओढून घेतले.

"काकू, तुले पाय लावू मी?"

"लाव."

"पोळ्याच्या दिवशी? आईच्या जागेवर हायस तू."

"म्हणूनच सांगून राहिली. आईच्या अंगावर सगळं चालते. हनुमानानं डोंगर उचलला, मी छप्पन किलो नाही उचलणार? दे पाय!"

ती कडेला लटकली. एक तळपाय काकूच्या उजव्या खांद्यावर आला, कडक, कोरडा, टाचेला घट्टे पडलेला. या पायाला लहानपणी काटे रुतायचे तेव्हा काकू सुईनं काढायची. तेव्हा तो तळहातात मावायचा. मग सगळं वजन आलं आणि काकूच्या खांद्यात काहीतरी करकन वाजलं. ती दात चावून उभी राहिली. दुसरा पाय कमरेवर, मग फरशीवर.

"काकू, लागलं?"

"पळ!"

सात वर्षं ही पोरगी पळत होती, पण काकूनं तिला पळताना बघितलं होतं ते मोबाइलच्या वीतभर चौकोनात. आता तिनं भिंतीला धरून दारातून बघितलं. सुचिता अनवाणी निघाली. पहिली चार पावलं खाली मान घालून, जशी जमिनीत काही शोधते आहे, आणि मग ती उभी झाली. गोठ्यापाशी कोंबड्या उडाल्या. चांद्यानं मान वळवली तोवर ती पुढे गेली होती. काकाच्या हातातला गोंडा खाली पडला. काकूला एवढंच वाटलं की ही आपल्या घरात वाढली, आपल्या चुलीवरचं खाल्लं, आणि हे असं काही हिच्यात होतं.

फाटकापाशी गाडीचं दार उघडं होतं. बॅगवाला माणूस कागदावर लिहीत होता. बाई बसायच्या बेतात होत्या.

"मॅडम! मी सुचिता! मी घरीच होते!"

बाईंनी घड्याळ बघितलं. बघायला त्यांना फार वेळ लागला असं मागून आलेल्या काकूला वाटलं.

"सहा एकोणसाठ," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. पर्समधून ओळखपत्र काढून त्यांनी पुढे धरलं. "अर्चना. उत्तेजक तपासणी अधिकारी. आता नमुना होईपर्यंत माझ्या नजरेआड जायचं नाही."

ओसरीवर आबाजी उभे होते. त्यांना हळूहळू सगळं सांगण्यात आलं. त्यांनी ते दोनदा सांगून घेतलं.

"म्हणजे," ते शेवटी म्हणाले, "माह्याच घरात बसून माही नात घरी नाही असं ठरलं असतं?"

"हो आजोबा. आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून ते जमवतच आणलं होतं."

आबाजी खाली बसले. "मी यायले म्हटलं, पळणं सोडवू," ते स्वतःशीच पुटपुटले. मग मान वर करून म्हणाले, "बाई, ते लिहिलं तं नाही ना तुम्ही?"

"नाही."

"चांगलं केलं."

पण नमुना काही होईना. सुचिता साडेपाचलाच मोकळी होऊन आली होती. अर्चनाबाईंनी तिच्यापुढे सीलबंद बाटल्या मांडल्या. ती एक प्याली, दुसरी प्याली. काकानं ताक आणलं, ते परत पाठवलं. आबाजींनी बागेतल्या मोसंबीचा रस काढायला सांगितला, तोही नाही चालला. पोरगी ओसरीवर, शेजारी अर्चनाबाई, समोर घर. आठ वाजले, साडेआठ वाजले. गुणवंताकाकानं तिला बरं पडावं म्हणून गोठ्याचा नळ सोडून ठेवला, त्या आवाजानं तो स्वतःच दोनदा जाऊन आला.

नऊ वाजता सौंसरचे खरे पाहुणे आले. एमपीच्या गाडीत, मुलाची आई आणि मामा. चहा घेतला, पाणी घेतलं. मुलाच्या आईनं सुचिताला खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि नजर शेजारच्या बाईंवर अडकली.

"ह्या कोण?"

काकूनं आबाजींकडे बघितलं. आबाजी आता काय जुळवून सांगतात? मावशी म्हणतील की मास्तरीण?

आबाजींनी सदऱ्याच्या बाह्या नीट केल्या.

"ह्या सरकारी बाई आहेत. नागपूरहून आल्या. आमची पोरगी लघवीले जाते ते पाहाले."

मामाचा चहा नाकात गेला.

"नागपूरहून?" मुलाची आई म्हणाली.

"पहाटे उठून, स्पेशल गाडी करून." आबाजींचा आवाज चढला. "सौंसरात आहे का कोणी असं, ज्याची लघवी पाहाले दुसऱ्या राज्यातून गाडी येते?"

कोणी काही बोलायच्या आत सुचिता ताडकन उभी राहिली. "आली!" ती म्हणाली आणि निघाली. अर्चनाबाई मागोमाग, त्यांच्या मागे बॅग घेऊन तो माणूस दारापर्यंत. टाइलवाल्या बाथरूमची कडी वाजली. ओसरीवर सगळे त्या दाराकडे बघत राहिले, सौंसरचे पाहुणेसुद्धा. पाच मिनिटांनी दार उघडलं आणि अर्चनाबाईंनी मान हलवली.

"झालं!" आबाजी असे ओरडले की गोठ्यात गेंद्या उठून उभा राहिला.

सौंसरचे पाहुणे पुरणपोळी खाऊनच गेले. पोळ्याच्या दिवशी या घरातून उपाशी कोणी जात नाही. अर्चनाबाईंनीही, सगळे कागद सही करून झाल्यावर, दोन पोळ्या खाल्ल्या. मुलाच्या आईनं निघताना "कळवतो" म्हटलं. आबाजी म्हणाले, "कळवा, पण सहा ते सात सोडून."

दुपारी बैल मैदानात गेले, माणसं त्यांच्यामागे गेली, घर रिकामं झालं. काकू स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. उजवा हात वर होत नव्हता. सुचिता कालच्या खांदेमळणीची वाटी घेऊन आली; तळाला हळद-तूप उरलं होतं. तिनं काकूचा पदर बाजूला केला आणि बोटांनी खांदा चोळायला घेतला.

"अवं, ते बैलाचं हाय!"

"मग? तू काय कमी वजन वाह्यलं?"

काकूनं डोळे मिटले. खांदा दुखत होता आणि बरंही वाटत होतं. काल काका बैलांच्या कानाशी लागून जे म्हणत होता ते सुचिता तिच्या कानाशी लागून म्हणायला लागली.

"आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." मग थांबली. "नाही, तसं नाही. आज आवतण घे काकू, महिनाभरानं कोरियाले ये."

दूर मैदानात तोरण तुटून पोळा फुटल्याचा गलका उठला.

"येतो," काकू म्हणाली. "पण आधी त्या पोरायले शिडी वापस आणाले सांग."